मास्तरांना काढलं त्या दिवशी

मास्तरांना काढलं ही बातमी मला सकाळी अकराच्या सुमारास कळली, आणि त्या वेळी एका निवृत्त बाईंचं नाक माझ्या हातात होतं. म्हणजे नव्या चष्म्याच्या नाकावरच्या गाद्या मी वाकवून बसवत होतो. शेजारचा फोटोवाला दारातूनच म्हणाला, "तुमच्या मास्तरांना नारळ दिला. क्लबने आत्ताच जाहीर केलं." मी म्हटलं, "बरं," आणि गादी इतकी दाबली की बाई कळवळल्या.

मास्तर म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबचे मॅनेजर. कोणी खेळायचं, कुठे खेळायचं, कोणी बाकावर बसून नखं खायची हे ठरवणारा माणूस, आणि संघ हरला की सगळ्यात आधी ज्याची मान कापली जाते तो. हातात कायम वही, म्हणून मास्तर. सात वर्षं टिकले. फुटबॉलमध्ये सात वर्षं म्हणजे एक आयुष्यच.

आम्ही लाल. शहरातला दुसरा मोठा क्लब निळा. निळ्यांकडे मॅनेजर म्हणजे भाडेकरू. बिचाऱ्याने खिडक्यांना पडदे लावले नाहीत तोवर मालक दारात उभा, खोली रिकामी करा. नाचता येईना अंगण वाकडं, असा त्यांचा सगळा कारभार. गोलकीपरच्या हातातून चेंडू निसटतो, तर काढायचं कोणाला? बाहेर कोट घालून उभ्या असलेल्या माणसाला. हे मी गेली तीस वर्षं सांगत आलोय आणि ऐकणारा जो सगळ्यात चांगला होता तो निळ्यांचाच होता. माझा जावई.

जावई होता, असं म्हणायला हवं. दोन वर्षांपूर्वी लेकीचा आणि त्याचा घटस्फोट झाला.

तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. लग्न ठरवताना मला विशेष पसंत नव्हता. फार कमी बोलायचा. पण लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तो घरी आला आणि चहा घेता घेता शांतपणे म्हणाला, "मी निळ्यांचा." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवशी आम्ही तीन तास भांडलो. जाताना मीच त्याला म्हटलं, "पुढच्या रविवारी या, जावईबापू. तुमचं अजून बरंच चुकतंय." मग अकरा वर्षं, लिफ्टमध्ये कोणी अडकलं नसेल तर, दर रविवारी दुपारी तो माझ्या शेजारी बसून मॅच बघायचा.

आणि आमची एक पद्धत होती. ज्याच्या क्लबचा मॅनेजर जाईल त्याला दुसऱ्याने तासाभरात फोन करायचा. चेष्टेचा नव्हे, सांत्वनाचा. आवाज खाली आणून विचारायचं, "कसं झालं हो अचानक?" समोरच्याने सुस्कारा सोडायचा, "अचानक कुठलं, तीन महिने खालावतच चालले होते." मग, "शेवटी त्रास झाला का फार?" "नाही. पत्रकार परिषदेतच गेले." "मागे कोण कोण आहे?" "एक सहायक आहे, पण तो अजून लहान आहे." जो आधी हसेल तो हरला. मी कधीच जिंकलो नाही. सहायक लहान आहे म्हटलं की मला राहवायचंच नाही, आणि पलीकडे हा पठ्ठ्या दगडासारखा गंभीर. अकरा वर्षांत त्यांचे सहा गेले, आमचे दोन. आठही वेळा हसलो मीच.

घटस्फोट झाला त्यात कोणी कोणाला मारलं नाही, कोणी कुठे पळून गेलं नाही. दोघं एका घरात राहून हळूहळू एकमेकांना दिसेनासे झाले, एवढंच. लेक सामान घेऊन आमच्याकडे परत आली. आठवड्याने मला म्हणाली, "बाबा, एक मागते. त्याला फोन करू नका. तुमच्या तोंडून त्याचं काही कानावर आलं की माझा सबंध दिवस जातो." मी शब्द दिला. लेकीपेक्षा फुटबॉल मोठा नाही, इतकी अक्कल मलाही आहे.

पण माणूस काही फक्त लेकीचा नवरा नसतो, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. कागदावर तिची सही, त्याची सही, आणि माझा माणूस गेला. मला कोणी विचारलंही नाही. शेजारी-पाजारी लेकीची चौकशी करायचे, बायकोची करायचे. सासऱ्याला जावयाची आठवण येते का, असा प्रश्न कोण विचारणार? येते. फार येते. या दोन वर्षांत निळ्यांनी आणखी दोघांना घालवलं. पहिला तो मफलरवाला, दुसरा तो गोल खाल्ल्यावरसुद्धा टाळ्या वाजवणारा. दोन्ही वेळा मी फोन हातात घेऊन मागच्या खोलीत काच घासायच्या यंत्राजवळ उभा राहिलो आणि फोन परत खिशात टाकला. टाळीवाल्याच्या वेळी तर माझं पहिलं वाक्यसुद्धा तयार होतं. ते तसंच राहून गेलं.

आता मास्तर गेले होते, आणि माझं गणित सरळ होतं. मी फोन करणार नाही, असा शब्द दिला होता. आलेला उचलणार नाही, असं मी कोणालाही म्हटलं नव्हतं. या वेळी सांत्वन करायची पाळी त्याची होती. सात वर्षांनी आली होती.

फोन गल्ल्यावर ठेवला. आवाज पूर्ण वाढवला. बारा वाजले. लिफ्टच्या खड्ड्यात असेल, तिथे रेंज नसते. एक वाजला. जेवत असेल. फोन दोनदा वाजला. एकदा फ्रेमवाला एजंट, एकदा बायको, येताना साबण आणा म्हणून. दोघांवरही मी खेकसलो. वड्याचं तेल वांग्यावर. मग एक म्हातारे गृहस्थ नंबर तपासायला आले आणि वाचताना तिसऱ्या ओळीवर अडले, तर मी म्हटलं, "नीट बघा जरा." ते म्हणाले, "नीट दिसत असतं तर इथे कशाला आलो असतो?" बरोबरच होतं त्यांचं.

तीन वाजता मी चाळीस वर्षांत केली नव्हती अशी चूक केली. एका गृहस्थांच्या दोन डोळ्यांच्या नंबरात जमीन-अस्मानाचा फरक होता. मी डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे घासून फ्रेममध्ये बसवली. त्यांनी चष्मा लावला, उठून उभे राहिले आणि दाराऐवजी आरशाकडे चालू लागले. मी हात धरून त्यांना खाली बसवलं. दोन्ही काचा वाया गेल्या. उद्या नव्या देतो म्हटलं, माफी मागितली, पाणी दिलं. ते गेल्यावर यंत्र बंद करून बसून राहिलो. मास्तरांचं मला वाईट वाटत होतंच, खोटं कशाला बोलू. पण सकाळपासून मी त्यांचा एकदाही विचार केला नव्हता. मी फक्त फोनकडे बघत होतो.

सहाला लेक आली. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते. ड्युटी सुटली की दुकानात येते आणि आम्ही दोघं चालत घरी जातो. तिने पिशवी खाली ठेवली, टेबलावरच्या वाया गेलेल्या काचा बघितल्या, माझ्याकडे बघितलं.

"आला का फोन?"

"कोणाचा?"

"बाबा."

मी पेचकस डबीत ठेवायला लागलो. एकेक करून, नंबराप्रमाणे.

"एक्स-रेच्या रांगेत सगळे तेच बोलत होते," ती म्हणाली. "सकाळपासून माझ्या मनात तेच. म्हटलं, एवढं तरी करावं त्याने."

"कामात असेल."

"करा तुम्ही."

"मी शब्द दिलाय तुला."

"मग तो मी परत करते," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. "पण आत्ता करा. माझ्यासमोर. मला घरी जाऊन कल्पना करत बसायचं नाही."

नंबर मला पाठ होता. चौथ्या घंटेला त्याने उचलला, आणि "हॅलो" वगैरे काही नाही, एकदम घाबरून, "बाबा? सगळे बरे आहात ना? आई?"

"सगळे ठीक," मी म्हटलं. "आमचे मास्तर गेले."

मी वाट बघत होतो. आता आवाज खाली येईल, आता विचारेल, कसं झालं हो अचानक.

"मास्तर," तो म्हणाला. "म्हणजे... अच्छा. कधी?"

"कधी काय? आज सकाळी. सगळ्या शहराला माहीत आहे."

"हो का. वाईट झालं."

हे काही आमचं सांत्वन नव्हतं. असं तर कोणीही म्हणतं. मला वाटलं, राग धरलाय. म्हणून मीच पुढे झालो. "तुमच्या टाळीवाल्याच्या वेळी मला फोन करता आला नाही. मनात फार होतं. नवीन कसा आहे तुमचा?"

"कोण टाळीवाला?"

मी फोन कानापासून लांब धरून बघितला. नंबर त्याचाच होता.

"बाबा," तो म्हणाला, "मी बघत नाही आता. दोन वर्षं झाली. निळ्यांचा सध्या कोण आहे, मला खरंच माहीत नाही."

"म्हणजे सोडलंत?"

"सोडलं नाही. मुळात..." तो थांबला. "मुळात मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. आवडतही नव्हतं फारसं. लग्नानंतर तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही फोनवर कोणाला तरी सांगत होता, आपल्याच क्लबच्या माणसाशी काय बोलायचं, पाच मिनिटांत विषय संपतो. म्हणून मी निळा झालो. शनिवारी संध्याकाळी सगळं पाठ करायचो. कोणाला किती गोल, कोणाचा गुडघा दुखतोय. तुमची लेकच प्रश्न विचारायची मला, पाठ झालं का बघायला."

माझा कान जरा कमी ऐकतो म्हणून फोनचा आवाज मोठा असतो. दुकान केवढंसं. लेकीला शब्दन् शब्द ऐकू जात होता. तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले आणि भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिली.

मला आधी संताप आला. अकरा वर्षं! माझ्याच घरात मला बनवलं जात होतं! आणि मी आपला निळ्यांच्या मॅनेजरांचे डावपेच उलगडून सांगतोय. "म्हणून तुम्ही कधी हसला नाहीत," मी म्हटलं.

"हसायचं कुठे हे कळायचं नाही मला," तो म्हणाला. "तुम्ही हसलात की बरं वाटायचं. म्हणजे बरोबर झालं असणार."

संताप आला तसा उतरला. त्याच्या जागी जे आलं त्याला मी काही नाव देऊ शकत नाही. माझ्याशी बोलायला मिळावं म्हणून एका माणसाने अकरा वर्षं दर शनिवारी अभ्यास केला. आणि मी? निळ्यांच्या सहा मॅनेजरांची कुंडली मला तोंडपाठ होती. याला काय आवडतं, ते मी एकदाही विचारलं नव्हतं.

"मग तुम्हाला आवडतं काय?" मी विचारलं. या वयात, या प्रसंगी, दोन वर्षांनी.

"पोहायला," तो लगेच म्हणाला. "रविवारी दुपारी तलाव रिकामा असतो."

रविवारी दुपारी. आमच्या मॅचच्या वेळी.

"पण आता तिथेही फार जात नाही," तो म्हणाला. "सवय लागली होती तुमच्याकडची. रविवारी तीन वाजले की काय करावं कळत नाही. दोन-चारदा दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत आलो होतो. पण यायचं तर काही कारण हवं ना, बाबा. आता नातंही नाही आणि फुटबॉलही नाही."

चष्मेवाल्याला शेवटी चष्माच सुचतो. "चष्मा कुठून केलात नवा?"

"नाही केला. जुनाच आहे, तुम्ही दिलेला. एक काडी तुटली, तिला दोरा बांधलाय."

"दोन वर्षं? अहो, नंबर वाढला असेल. तुम्ही विजेच्या तारांत हात घालता. दुसऱ्या दुकानात जायला काय झालं होतं?"

"कसं जाणार," तो म्हणाला.

मी लेकीकडे बघितलं. त्याला बोलावू का, असं विचारायचा मला हक्क नव्हता. ती उठली, पिशवी खांद्याला अडकवली आणि त्या वाया गेलेल्या काचा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

"गुरुवारी माझी दुपारपाळी असते," ती म्हणाली. "रात्री नऊपर्यंत." आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून माझी वाट बघत उभी राहिली.

"गुरुवारी या," मी फोनमध्ये म्हटलं. "चार वाजता. डोळे तपासू. आणि जावईबापू, येताना काही पाठ करून येऊ नका."