दुसरं वाचन

पडद्यावरची रेघ दिसायला अगदी साळसूद होती. तिला तशाच रेघांचा संशय यायचा. तिने नळीच्या जाडीचा आलेख उघडून रेघेवर ठेवला. कडेला एक बारीकसा उंचवटा होता, सहज नजरेतून निसटेल असा. तो वजा केला आणि रेघ तळाला गेली. नळी टेकली होती.

अणुभट्टीत इंधन ज्या नळीत बसतं ती प्रचंड तापते. तिच्याभोवती दुसरी नळी असते, गार. दोघींमध्ये जेमतेम करंगळीएवढी फट, आणि ती राखायला स्प्रिंगच्या कड्या. वर्षं सरली की कड्या सरकतात, आतली नळी पोक काढते. ती गार नळीला टेकली की तिथे ठिसूळ होते आणि कधीतरी तडकते. म्हणून भट्टी बंद असताना, नळीला ओरखडाही न पाडता, आतून प्रोब, म्हणजे मोजणारी कांडी, फिरवून फट मोजायची; पडद्यावरची रेघ त्या फटीचीच. पण त्यात एक खोडी होती. नळी जिथे जाड असेल तिथे फट आहे त्याहून मोठी दिसते. जाडी हिशेबात धरली नाही, तर टेकलेली नळीही सुटी वाटते.

म्हणूनच प्रत्येक नळी दोघांनी वाचायची, वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांशी चकार शब्द न बोलता. नवराबायकोने एकच नळी वाचू नये असाही दंडक होता, पण एक वाचणारा आजारी पडला आणि दंडक गुंडाळून ठेवला गेला. या नळीचा दुसरा वाचणारा तिचा नवरा होता. तिला हे काम त्यानेच शिकवलेलं. मागच्याच महिन्यात त्याच्या नजरेतून एक नळी सुटली होती. पुन्हा सुटली तर त्याचं वाचन कायमचं बंद होणार होतं.

संध्याकाळी जेवताना स्वारी खुशीत होती.

"आज एक नळी इतकी गुणी निघाली म्हणून सांगू! सकाळी निकाल दिला की सुटलो."

"घरी कामाचं बोलायचं नाही," ती म्हणाली.

"अगं, नंबर कुठे सांगितला मी?"

नंबर सांगायची गरजच नव्हती. आज त्याच्याकडे तेवढी एकच नळी होती. 'जाडी नीट बघितलीस?' एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. नळी तर तिला सापडलीच होती. दोघांचे निकाल जुळले नाहीत तरी ती बदलली जाणारच. मग नवऱ्याला सांभाळून घेतलं तर कोणाचं घोडं मारलं? पण उद्या हाच माणूस दुसऱ्या कोणाबरोबर वाचायला बसणार, आणि तो दुसराही कधीतरी दमलेला असणार. शब्द घशापर्यंत आला होता, तो तिने घासाबरोबर गिळला. तिला त्याची भयंकर माया आली आणि रागही आला, इतका निवांत कसा जेवतो हा!

"काय गं, तोंड का उतरलंय?"

"भाजीत मीठ जास्त झालंय."

त्याने भाजी चाखली. मीठ बरोबर होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा हात ताटातच थांबला. जेवण झाल्यावर भांडी त्यानेच घासली.

म्हणजे न बोलताही आपण सांगून बसलो, हे तिला कळलं. आता सकाळी तो नळी पुन्हा बघेल आणि निकाल बदलेल. खोटं कशाला, तिला तेच हवं होतं.

सकाळी प्रमुखांनी दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवले. तिचा होता, टेकली आहे. त्याचा होता, सुटी आहे.

"नियम तुम्हाला माहीत आहे," प्रमुख खाली मान घालून म्हणाले.

"शिकवताना मीच सांगतो की तो," नवरा म्हणाला, आणि बाहेर पडला.

तिने त्याला जिन्यात गाठलं. "काल कळलं होतं ना तुला?"

"कळलं होतं."

"मग पुन्हा बघायचंस! वेळ होता की सकाळी!"

"बघितलं ना. जाडीसकट बघितलं. नळीत काही दिसलं नाही गं. तुझ्या चेहऱ्यावर दिसलं होतं, ते कसं लिहू?"

तिला रडू फुटलं. त्याने ते ओसरू दिलं आणि म्हणाला, "चल, दाखव मला."

तिच्या खोलीत तिने दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. तो चष्मा पुसून पडद्याशी वाकला. त्याला स्वतःलाच सापडावं म्हणून ती मुद्दाम मागे उभी राहिली. त्याची नजर उंचवट्यावरून दोनदा पुढे निघून गेली.

"बोट ठेव," तो म्हणाला.

तिने बोट ठेवलं.