तेल अजून चांगलं आहे

"कोण म्हणलं तुमाला, ऑईल बदलायचं झालंय म्हणून?" ऑईल मोजायची डिपस्टिक उजेडाकडे धरत कडूबा साळवे म्हणाला. "हे बघा की गिरीशराव. मधासारखं स्वच्छ आहे. मागल्या खेपेलाच तर बदललंय मी."

गिरीशने मान वळवून तनूकडे पाहिलं.

तनू गॅरेजच्या शटरपाशी उभी होती. कोटाच्या बाह्या तिने बोटांवर ओढून घेतल्या होत्या. क्षणभरापूर्वी, गिरीशची पाठ तिच्याकडे असताना, तिने बापाकडे बघून हळूच मान हलवली होती. नाही, नाही, अशी. कडूबाला ती हालचाल दिसलीही होती. त्याला वाटलं, पोरीला थंडी वाजतेय. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा फेब्रुवारी, त्यात शटर उघडं.

आणि तो आपल्या आवडत्या विषयावर बोलत राहिला. विमानांच्या इंजिनच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस तो. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा रेल्वेच्या कमानीखाली ही जागा घेऊन गॅरेज टाकलं. बायको वैजयंती गेल्यानंतर तर बोलायला गिऱ्हाइकंच उरली होती. एकुलती एक लेक लग्न होऊन रीडिंग शहरात गेलेली. जावई कॉम्प्युटरवाला, पुण्याचा, बोलायला गोड. दोघं यायची ती गाडीच्या कामापुरती. एरवी फोन केला की जावईच उचलायचा. "बाबा, ती झोपलीये. बाबा, आम्ही जरा बिझी आहोत." कडूबाला वाटायचं, तरुण माणसं, असतील कामात.

"लोकांचं दोन्हीकडनं चुकतं बघा," तो चिंधीला हात पुसत म्हणाला. "काही जण तेल बदलतच नाहीत. त्याचं पार डांबर होतं आन् इंजिन बसतं. काही जण उगा घाबरून सारखं बदलत बसतात. वर्षातून एकदा, नाहीतर दहा हजार मैलांना. गाडी नुसती दुकानापुरती चालवत असाल तर सहा महिन्यांनी, कारण इंजिन नीट तापत नाही. तेल आणि फिल्टर दोन्ही जोडीनं. तुमची तर सगळी मोटरवेवरची गाडी. आत्ता काहीच गरज नाही."

"पण बाबा," गिरीश शांतपणे म्हणाला, "तुम्हीच निरोप दिला होतात ना? तनू म्हणाली, बाबांनी अर्जंट बोलावलंय. ऑईल चेंज ओव्हरड्यू आहे, नाहीतर इंजिन जाईल."

"मी? छे! मी कशाला निरोप देऊ?"

गिरीश हसला. "It's fine. काहीतरी गोंधळ झाला असेल. तनू, चल आत. बाबांना चहा करून देऊ."

गॅरेजच्या मागच्या बाजूला फळ्यांची भिंत घालून केलेली एक खोली होती. एक सिंक, एक किटली, दोन खुर्च्या. तनू जागची हलली नाही. गिरीशने तिच्या दंडाला धरलं आणि ती गेली. जाताना तिने बापाकडे पाहिलं नाही. दार लागलं.

कडूबाने डिपस्टिक जागेवर बसवली. आतून किटलीचा आवाज येऊ लागला. मग कप फुटला. मग भरलेलं पोतं जमिनीवर पडावं तसा आवाज आला. आणि त्याच्यामागून गिरीशचा आवाज, अगदी खालच्या पट्टीत, "बापाला सांगायला आलीस? बापाला?"

बॉनेट तसंच उघडं टाकून कडूबा धावला.

तनू सिंकखाली पडली होती. ओठ फाटला होता आणि हनुवटीवरून रक्त कोटावर गळत होतं. गिरीशने तिचे केस मुठीत धरले होते. कडूबाच्या डोळ्यांदेखत त्याने तिचं डोकं सिंकखालच्या लोखंडी पायावर आपटलं. तिची बाही वर सरकली होती. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवे, पिवळे, निळे डाग होते. कुठले जुने, कुठले नवे, हे कुणालाही कळलं असतं.

कडूबाने आयुष्यात कुणावर हात टाकला नव्हता. त्याने जावयाची कॉलर मागून धरली आणि त्याला भिंतीवर फेकलं. फळ्या कडाडल्या. पहिला ठोसा नाकावर बसला, दुसरा हुकला. साठीचा माणूस, तिसऱ्याला दम राहिला नाही. गिरीश उठला आणि त्याने सासऱ्याच्या पोटात गुडघा घातला. मग छातीवर धक्का. कडूबा दारातून मागे जाऊन गॅरेजच्या फरशीवर उताणा पडला. उठायला म्हणून त्याने उजवा हात टेकला, आणि गिरीशने त्या हातावर बूट दिला. एकदा नाही. टाच फिरवून, पुन्हा पुन्हा. हाडं मोडल्याचा आवाज कडूबाने स्वतः ऐकला.

"म्हाताऱ्या, मध्ये पडायचं नाही," गिरीश धापा टाकत म्हणाला. नाकातलं रक्त त्याच्या दातांवर आलं होतं. "माझी बायको आहे ती."

त्याने पुन्हा बूट उचलला तेवढ्यात तनू बाहेर आली. भिंतीला चाकाचा लांब पाना टेकवून ठेवलेला होता. तो तिने दोन्ही हातांनी उचलला आणि गिरीशच्या गुडघ्यावर मारला. तो किंचाळून कोसळला. तिने खांद्यावर मारला. बरगड्यांवर मारला. डोळ्यांत पाणी नाही. गिरीश हातांनी डोकं झाकून ओरडत होता, "तनू, प्लीज, तनू." तिने पाना डोक्याच्या वर उचलला.

"तनू, बास!"

"बाबा, बाजूला व्हा."

कडूबा मोडका हात छातीशी धरून सरपटत पुढे आला आणि जावयाच्या अंगावर आडवा पडला. आपलं डोकं त्याने गिरीशच्या डोक्यावर ठेवलं. दोघांचं रक्त एकमेकांना लागलं.

"बाजूला व्हा! तुम्ही याला वाचवता? याला?"

"याला नाही गं, माय," कडूबा म्हणाला. "तुला."

पाना बराच वेळ वर होता. मग तो तिच्या मागे फरशीवर पडला. तनूने गिरीशच्या खिशातून आपला मोबाईल काढला, इमर्जन्सीचा नाईन नाईन नाईन फिरवला आणि शाळेत शिकवल्यासारख्या स्वच्छ इंग्रजीत गॅरेजचा पत्ता सांगितला. तीन माणसं जखमी आहेत. नवऱ्याने मला मारलं, वडिलांना मारलं, आणि मी नवऱ्याला मारलं. काहीही न लपवता.

हॉस्पिटलात बापलेक शेजारीशेजारी बसली. तिच्या ओठाला टाके पडले होते. त्याचा हात फुगून कापडात बांधलेला, एक्सरेची वाट बघत.

"तू फोनवरच का नाही सांगितलंस?"

"फोन त्याच्याकडे असायचा. बाहेरपण एकटीला सोडायचा नाही. मी विचार केली, ऑईलचं सांगितला तर तो मला तुमच्याकडे आणेल. दुसरा काही सुचला नाही." लहानपणापासून इथेच वाढलेली ती, मराठी अशीच अडखळत बोलायची. "तुम्हाला आधी सांगायला चान्सच मिळाला नाही. माझाच चूक झाला, बाबा."

कडूबाला बोलायचं होतं. तू मान हलवलीस, मी बघितलं, आणि मी तेलाबद्दल बोलत बसलो, असं म्हणायचं होतं. त्याच्या तोंडून एवढंच आलं, "मला कळलं नाही गं. माझ्या डोळ्यांम्होरं होतीस."

तनूने डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. नर्सने नाव पुकारलं तरी दोघं लगेच उठली नाहीत.

पुढे कोर्टात केस उभी राहिली. तनूचीही पोलिसांनी पुष्कळ चौकशी केली, पण तिच्यावर आरोप ठेवला नाही. गिरीशला तुरुंगवास झाला. त्याच्या वकिलाने त्याच्या नोकरीतल्या ताणाबद्दल बरंच सांगितलं. कडूबाच्या उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत. पाना धरता येईना, तेव्हा त्याने कमानीखालची जागा सोडली. गॅरेजची हत्यारं विकत नेणाऱ्या माणसाला त्याने प्रत्येक वस्तू डाव्या हाताने उचलून दिली.

तनू त्याच्याकडेच राहिली. केस संपेपर्यंत ती हॉलमधल्या सोफ्यावरच झोपायची, दाराकडे तोंड करून, पायात बूट घालून. कडूबाने कधी विचारलं नाही. निकाल लागला त्या दिवशी कोर्टातून दोघं दुपारी घरी आली. तिने कोट काढला, बूट तसेच, आणि बसल्या जागी तिला झोप लागली. तोंड उघडं, लहान असताना लागायची तशी.

कडूबा सोफ्याशी गुडघे टेकून बसला. तिने नाड्यांना दुहेरी गाठी मारल्या होत्या. एका हाताने त्या सुटेनात. त्याने नखाने गाठ सैल केली, ती पुन्हा आवळली, पुन्हा सैल केली. घाई कसलीच नव्हती. एक बूट निघाला. तो त्याने आवाज न करता बाजूला ठेवला आणि दुसऱ्या गाठीला हात घातला.