मोज्यावरून ओतलेलं पाणी

मी एक जुनी पितळी परात आहे, मित्रांनो. पण माझ्यात कधी कणीक मळली गेली नाही. 'हिच्यात माणसांचे पाय धुणार,' असं मला घडवणाऱ्या कारागिराला कुणी सांगितलं असतं, तर त्याने कपाळावर हात मारून घेतला असता. मला मात्र त्या कामाचा अभिमान होता. होता म्हणते आहे, लक्षात घ्या.

मी एका चर्चमध्ये राहते. प्रभूने कमरेला टॉवेल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आमच्याकडेही वर्षातून एकदा पाळक बारा जणांचे पाय धुतात. जुने पाळक, त्यांना सगळे बाबा म्हणायचे, ही बारा माणसं आयत्या वेळी आणि मागच्या बाकांवरून उठवायचे. कुणाच्या टाचेला सिमेंट, कुणाच्या डांबर. बाबा गुडघे टेकायचे, बोटांच्या बेचक्यांतून बोटं फिरवायचे आणि नीट बघायचे.

"प्लंबरदादा, ही भेग किती दिवसांची?"

"चालायचंच हो, बाबा."

"चालायचंच काय? उद्या दवाखान्यात जायचं. मी येतो बरोबर."

आणि खरंच जायचे. माझ्यातलं पाणी काळंकुट्ट व्हायचं. पहिल्या बाकावरचे लोक नाकाला रुमाल लावायचे. बाबा त्यांनाच हाक मारायचे, "पुढारी व्हायचंय ना? मग उचला परात, ओता बाहेर." तेही मुकाट्याने उचलायचे.

बाबा गेले आणि नवे पाळक आले. बोलायला साखरेहून गोड. त्यांनी मला घासूनपुसून आरशासारखी केली. लोक म्हणाले, "अगबाई, किती सुंदर परात!" मीही हुरळले, खोटं कशाला बोलू? मग त्यांनी नियम काढला. बारा नावं आठवडाभर आधी जाहीर होणार, आणि त्या बारा जणांनी घरून पाय स्वच्छ धुऊन, पांढरे मोजे घालून यायचं. "देवाच्या घरात शिस्त हवी. आज्ञा पाळणं हीच भक्ती," ते म्हणाले. पाय धुवायला जायचं म्हणून पाय धुऊन जायचं! आता हसावं की रडावं? पण कुणी चकार शब्द काढेल तर शपथ. पूर्वी माझं पाणी ओतणारेही नंदीबैलासारखे माना डोलवत बसले.

त्या वर्षी यादीत इस्त्रीवाल्या मावशीचं नाव होतं. पाळकांचा झगा वर्षानुवर्षं तीच फुकट इस्त्री करायची. तिला साखरेचा आजार, पायांना काही कळायचं नाही. कोळशाच्या इस्त्रीतला निखारा पावलावर पडला, तोही तिला वास आल्यावर समजला. हे सगळं तिने शेजारी बसलेल्या शिवणकामवाल्या वहिनीला सांगितलं, म्हणून मला कळलं.

"अहो, मग दवाखान्यात जायचं ना!" वहिनी म्हणाली.

"गेले असते, तर पट्ट्या बांधून घरी बसवलं असतं. यादीत नाव आलंय, आज्ञा कशी मोडायची? फडकं बांधून वर मोजा चढवलाय. आणि पाय धुताना पाळकांना दिसेलच की. तेच सांगतील काय करायचं ते."

भोळी बाई! तिला बाबांची सवय होती.

पाळक तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. तिने चांगल्या पायाचा मोजा काढला. दुसऱ्याला हात घातला आणि म्हणाली, "हा पाय जरा बघता का, साहेब..." वास पाळकांपर्यंत पोचला होता. समोर फोटोवाला उभा होता.

"राहू दे मावशी, मोजा असू दे. भाव महत्त्वाचा," ते हसून म्हणाले आणि त्यांनी मोज्यावरूनच पाणी ओतलं.

माझ्यात पडलं ते पाणी पिवळट होतं, त्यात लालसर धागे होते. पाळकांनी वाकून ते पाहिलं. मग माझ्यावर टॉवेल टाकला आणि पुढे सरकले. मला तोंड असतं ना, तर छप्पर हादरेल अशी ओरडले असते!

तीन आठवड्यांनी मावशीचा पाय गुडघ्याखाली कापला. पुढच्या रविवारी पाळकांनी प्रवचनात सांगितलं, "मावशीकडून शिका. एवढी जखम, पण आज्ञा मोडली नाही." आणि मंडळी एकसुरात 'आमेन' म्हणाली. शी! माझी मलाच शिसारी आली.

पुढच्या वर्षी यादीत पहिलं नाव मावशीचंच. ती कुबड्या घेऊन आली, पण मोजा न घालता. पाळकांनी हात पुढे केला. मावशीने पाय बाकाखाली ओढून घेतला.

"मावशी, पाय पुढे करा."

"नाही करणार."

"अहो, सगळे बघताहेत," पाळक दबक्या आवाजात म्हणाले.

"बघू द्या. मागच्या वर्षी तुम्हीही बघितलंत, साहेब. तुम्ही बघताना मी तुम्हाला बघितलं."

पाळक उठले आणि त्यांनी मला शेजारच्या माणसापुढे सरकवलं. त्या माणसाने मावशीकडे पाहिलं, पाळकांकडे पाहिलं आणि आपला धुतलेला पाय पुढे केला. मग त्याच्या पलीकडच्यानेही केला.

मित्रांनो, मला घासा, जपा, असं मी मागणार नाही. तुम्ही कधी अशा बाकावर असाल, तर शेजारचीने पाय मागे घेतल्यावर तुम्हीही घ्या, एवढंच मागते. एकटीने पाय मागे घ्यायला फार बळ लागतं हो. तिला तर एकच होता.