गेलेल्या ट्यूबचं पुण्य

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला चिखलोलीच्या रस्त्यावर कोणी परका माणूस उभा राहिला असता, तर त्याला वाटलं असतं की इथे विजेच्या सामानाच्या दुकानावर दरोडा पडलाय. बाया, बापे, म्हातारे, जो तो खांद्यावर चार फुटी ट्यूबलाइट टाकून निघालेला. रिक्षांतून ट्यूबा बाहेर डोकावत होत्या. स्कूटरवर मागे बसलेल्या सुनेनं ट्यूब आडवी धरली होती आणि पुढे बसलेला सासरा शेजारून जाणाऱ्या प्रत्येकाला "जपून, जपून" म्हणत होता. यातली एकही ट्यूब चालू नव्हती. सगळ्या गेलेल्या, वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या. चालू ट्यूब घेऊन येणाऱ्याला दारातूनच परत पाठवत. चालू ट्यूब काय, कोणीही पेटवील, त्याला महाराज कशाला हवेत?

महाराजांचं नाव तेजोनाथ, पण लोक त्यांना ट्यूबबाबा म्हणत. एका पत्र्याच्या गोदामात त्यांचा दरबार भरायचा. खिडक्यांना काळे पडदे, मध्ये उंच आसन, आसनासमोर झेंडूचं लांबलचक तोरण. एकेका भक्तानं तोरणाखाली जाऊन घरची ट्यूब दोन्ही हातांनी धरायची. बाकीच्यांनी दोरीच्या मागे, चांगलं दहा पावलं लांब बसायचं. मग महाराज डोळे मिटत, "तेज प्रकट" म्हणत, आणि वायर नाही, प्लग नाही, भक्ताच्या नुसत्या हातात ती मेलेली ट्यूब पांढरीशुभ्र पेटायची.

"ट्यूबला स्टार्टर लागतो, आत्म्याला गुरू लागतो," महाराज सांगत. "हे ब्रह्मांडाचं व्होल्टेज आहे, बाळांनो. याचं बिल येत नाही."

"बोलो तेजोनाथ महाराज की," असं माइकवरचा सुयोग नावाचा शिष्य ओरडायचा, आणि गोदामाचे पत्रे थरथरायचे.

यशोधरा शेजवळ दोरीच्या मागे अगदी शेवटी उभी होती. अंबरनाथच्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेली ही बाई. तिला इथे ओढून आणलं होतं शेजारच्या बनूबाईंनी. बनूबाई आणि त्यांचे यजमान महिपती मूळचे बदलापूर गावचे. आता मुलाबरोबर यशोधराच्या बिल्डिंगमध्ये, तिच्या समोरच्याच दारात राहत होते.

बनूबाईंनी माळ्यावरची जुनी ट्यूब आणली होती. ती अशी झळाळून पेटली की बनूबाई तिथेच रडायला लागल्या. "माई, तुझ्या अंगातली साखर या उजेडातून बाहेर पडली," महाराज म्हणाले. "आता सुई टोचायची नाही. सुई टोचलीस तर हा उजेड आतल्या आत विझेल."

मग महिपतींची पाळी आली. त्यांनी हॉलमधली बंद पडलेली ट्यूब आणली होती. महाराजांनी तीनदा डोळे मिटले, तीनदा "तेज प्रकट" म्हणाले. ट्यूब ढिम्म.

"तुझ्या कर्माचा चोक जळलाय," महाराज हळहळले. "मागच्या जन्मीचं पाप. आता दर रविवारी इथे सेवा करायची. भक्तांनी वाहिलेल्या ट्यूबा तोरणाखालून उचलून मागे नेऊन ठेवायच्या."

त्या रात्रीपासून एकाच घरात पुण्यवान बायको आतल्या खोलीत आणि पापी नवरा सोफ्यावर, अशी वाटणी झाली. इथवर यशोधरानं हसण्यावारी नेलं. पण आठवड्यानं बनूबाई दारात चप्पल घालताना कळवळल्या, तेव्हा तिनं पाहिलं. उजव्या पायाचा अंगठा सुजून निळसर पडला होता आणि त्यावरची साधी खरचटलेली जागा ओली होती.

"बनूबाई, इन्सुलिन कधीपासून बंद केलंत?"

"म्हाराजांनी सांगितला तवापासून. आता साखर हाय कुठं?"

"अहो, अंगठा बघा तुमचा. असाच चिघळला तर बोट कापायची वेळ येते."

"टीचर, तुमची ट्यूब पेटली नाय, म्हणून तुमी असा बोलता."

"मी ट्यूब नेलीच नव्हती."

"तेच ना," बनूबाई म्हणाल्या आणि लंगडत निघून गेल्या. मुलगा-सून समजावून थकले होते, डॉक्टरांच्या नावानं दार बंद होत होतं. यशोधराला त्या रात्री जेवण गेलं नाही. ती खरोखर घाबरली होती.

आता यशोधराचा एक नाद सांगायला हवा. ती हॅम होती. म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, घरच्या रेडिओ सेटवरून दूरदूरच्या माणसांशी बोलणाऱ्या हौशी मंडळींपैकी एक. गच्चीवर तिची तारेची अँटेना होती. बिल्डिंगमधले तिच्यावर बिनदिक्कत कपडे वाळत घालायचे. सेट तिनं स्वतः जोडलेला, जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. ऐकण्याचा भाग ठणठणीत होता, पण बोलणं बंद होतं. शेवटचा व्हॉल्व्ह, ८०७ नंबरचा, तीन महिन्यांपूर्वी वारला होता, आणि त्याच्या जोडीचा मिळवायला तिनं मुलीसाठी स्थळं पाहावीत तशी दुकानं पालथी घातली होती.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उल्हासनगरला गेली, कॅम्प एकमधल्या जितेशच्या दुकानात. जितेश हा जुन्या रेडिओंच्या सुट्या भागांचा सिंधी व्यापारी. त्याच्या दुकानात डबे गिऱ्हाइकांपेक्षा जास्त होते.

"मॅडम, हा बघा," त्यानं तळातून एक व्हॉल्व्ह काढला. "एक पीस मिला."

यशोधरानं तो उजेडात धरला. "हा गेलाय, जितेशभाई. आतला चंदेरी डाग पांढरा पडलाय. काचेत हवा शिरली."

"आपको कौन फसाएगा," जितेशनं तो गुपचूप परत ठेवला. "अच्छेवाले होते, पूरा डब्बा होता, पण ॲडव्हान्स देऊन राखलेला. चिखलोलीची एक पार्टी आहे, हर महिने दोन उचलते. शेवटचा परवा गेला. बोलतो, सत्संगाचा अँप्लिफायर आहे."

"सत्संगाला महिन्याला दोन?"

"वही तो. मी बोललो, भाई, थोडा हळू गा."

यशोधरा हसली नाही. व्हॉल्व्ह नीट वागवला तर वर्षानुवर्षं चालतो. महिन्याला दोन जाळायचे तर एकच मार्ग: सेट पूर्ण जोरात चालवायचा आणि अँटेना नीट जुळवायची नाही. मग बाहेर जायची शक्ती आतच अडकते, व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि प्राण सोडतो. पण असा सेट सत्संगात कशाला? तिला आपली वही आठवली. सेटवर काय ऐकू आलं ते ती रोज लिहून ठेवायची. घरी येऊन पानं उलटली, तर गेले तीन महिने दर रविवारी एकच नोंद: 'चार ते सहा. थांबून थांबून घूं. कोण गाढव आहे कळत नाही.'

गाढव कोण ते आता कळायला लागलं होतं. जोरदार सेटच्या अँटेनाजवळ काचेची ट्यूब नेली की ती आपोआप पेटते. कारण आतल्या वायूला चेतवायला त्या लहरी पुरतात. तिला वायर लागत नाही आणि तिच्या टोकाच्या तारा जळाल्या असल्या तरी काही बिघडत नाही. मग महिपतींची का पेटली नाही?

महिपती जिन्यातच बसले होते. मांडीवर ती पापी ट्यूब, हातात ओलं फडकं. गोमूत्रानं पुसणं चाललं होतं.

"बघू, महिपतीभाऊ." तिनं ट्यूब हातात घेतली. हलकी. पाठीला प्लॅस्टिक. "ही एलईडी आहे."

"सूनबाईनं बसवलेली. एक साल पन चालली नाय."

यशोधरा जिन्यातच खाली बसली. एलईडीच्या ट्यूबमध्ये वायूच नसतो, बारीक दिव्यांची पट्टी असते. ती बंद पडली की बाबा काय, बाबांचे गुरू आले तरी पेटणार नाही. तिनं संध्याकाळी बिल्डिंगमधून दरबारात जाऊन आलेल्या सगळ्या पापी लोकांची दारं वाजवली. दुसऱ्या मजल्यावरची किर्ती, तळमजल्यावरच्या राजाबाई, सगळ्यांकडे एलईडी. पुण्यवानांकडे झाडून सगळ्या जुन्या काचेच्या. म्हणजे बाबांनाही आधी हे ठाऊक नसणार. ट्यूब पेटली नाही, तेव्हा घाईघाईत त्यांनी तिला पाप नाव दिलं आणि ते चाललं.

तिचा स्वतःचा सेट चालू असता, तर तिनं बनूबाईंना घरात बोलावून त्यांच्याच हातात ट्यूब पेटवून दाखवली असती. सेट बंद होता. तेव्हा बाबांचाच वापरायला हवा होता.

रविवारी ती रांगेत उभी राहिली. हातात शाळेतून निवृत्त होताना आणलेली एक काळ्या टोकांची ट्यूब. तिची नजर बाबांच्या गुडघ्यावर होती. सत्तावीस वर्षं बाकाखाली मुलं काय करतात हे पाहिलेल्या बाईला शालीखालचा पाय कळायला वेळ लागत नाही. प्रत्येक "तेज प्रकट"ला उजवा गुडघा दोन बोटं खाली जात होता.

तिची पाळी आली. ट्यूब पेटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुढच्या रांगेतल्या बनूबाईंनी तर सगळ्यांत जोरात.

"पुण्यात्मा," महाराज म्हणाले. "तुझा चोक शाबूत आहे."

"महाराज," म्हणत यशोधरानं ट्यूब तोरणाला टेकवून ठेवली, आसनासमोर लोटांगण घातलं आणि शालीखाली हात घालून महाराजांचा उजवा पाय दोन्ही हातांनी गच्च दाबून धरला.

पाया पडणाऱ्या बाईला कोण अडवणार? ट्यूब पेटलेलीच राहिली. आदल्या रात्री जिन्यात ठरल्याप्रमाणे महिपती पुढे झाले. वाहिलेल्या दहा-बारा ट्यूबांची मोळी त्यांनी कवेत घेतली आणि मागे न जाता तिथेच तोरणाखाली उभे राहिले. ती सगळी मोळी भसकन पेटली.

"बोलो तेजोनाथ..." सुयोग ओरडला आणि थबकला. "अरे, ये तो महिपती है. पापीवाला."

"बाई, उठा आता, कल्याण झालं," महाराज पुटपुटले.

"नाही महाराज. या पायातच सगळं आहे."

"पाय सोड."

"जन्मात सोडणार नाही."

महाराज पाय ओढत होते, यशोधरा दाबत होती. महिपती लग्नातल्या रोषणाईसारखे उभे, अंगाला झेंडू, चेहऱ्यावर भीती. आणि मग आसनाखालून जळका वास आला, कापडाच्या फटीतून लालबुंद उजेड दिसला, 'तड्' असा आवाज झाला आणि सगळ्या ट्यूबा एकदम विझल्या.

यशोधरानं आसनाचं कापड ओढलं. खाली सेट होता. पंखा नाही, धूळ बोटभर, आणि मधोमध उल्हासनगरातला शेवटचा चांगला ८०७, काळा ठिक्कर. तीन महिने ज्याच्यासाठी वणवण केली तो तिनं स्वतःच्या हातांनी जाळला होता. ती उठून उभी राहिली.

"हा रेडिओचा सेट आहे," ती वर्गातल्या आवाजात म्हणाली. "हे तोरण म्हणजे त्याची तार, वरून झेंडू. पायाखाली बटण. तार चेतली की जवळची काचेची ट्यूब पेटते. कोणाच्याही हातात. आता ज्यांना पापी ठरवलं त्यांनी हात वर करा."

आधी राजाबाईंनी केला, मग किर्तीनं. करता करता वीसेक हात वर झाले.

"ज्यांच्या ट्यूबच्या पाठीला प्लॅस्टिक आहे, त्यांनीच हात वर ठेवा. बाकीच्यांनी खाली."

एकही हात खाली आला नाही.

राजाबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे महिना झाला मी सुनेची माफी मागतेय, ती एलईडीपायी?" आणि हशा असा उठला की महाराजांचं "ही अध्यात्माची गोष्ट आहे" कोणाला ऐकूच आलं नाही. सुयोग माइक तसाच चालू ठेवून पळाला, त्यामुळे त्याच्या धापा मात्र सगळ्यांनी ऐकल्या. कोणीतरी फोन करून बोलावलेले हवालदार आले तेव्हा महाराज ट्यूबांच्या ढिगामागे बसले होते. बिनपरवाना सेटचं एक आणि जादूटोणाविरोधी कायद्याचं दुसरं, अशी दोन कलमं त्यांच्या नावावर लागली.

बनूबाई हसत नव्हत्या. त्या जागेवरच बसून होत्या.

"टीचर, म्हंजे साखर गेलीच नाय?"

"नाही, बनूबाई."

"आनि मी दोन हप्ते सुई नाय घेतली."

"हो."

त्यांनी पहिल्यांदा आपल्या अंगठ्याकडे नीट पाहिलं. मग महिपतींकडे. "अहो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला, "मला भ्या वाटतंय. डॉक्टरकडे न्या."

महिपतींनी कवेतली मोळी खाली ठेवली आणि बायकोला आधार देऊन उठवलं. दवाखान्यात साखर चारशेच्या वर निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून एक आठवडा उशीर झाला असता तर अंगठा गेला असता. तो राहिला. महिना लागला, पण राहिला.

ड्रेसिंग चालू असताना बनूबाईंनी यशोधराला हळूच विचारलं, "मग माझं पुण्य?"

"ते तुमचं आहेच. ट्यूबला त्यातलं काही कळत नाही."

तर मंडळी, चमत्कार पाहायला जरूर जा. करमणूक म्हणून वाईट नसतो. पण ज्याच्या हातात उजेड पडला त्याला विचारून काही हाती लागणार नाही, तो आनंदात असतो. ज्याच्या हातात पडला नाही, ज्याला सगळ्यांनी पापी म्हणून मागे बसवलंय, त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, बाबा रे, तुझ्या हातात काय होतं? आणि तोवर औषध थांबवू नका.