एकही क नाही

"यज्ञेश्वर सर, हा हत्ती आहे का?" हेमाताईंनी चित्र वर धरले.

"म्हैस असावी."

"आणि तिला अ. चला, यंदा पुण्यात सगळेच चित्रकार निपजले म्हणायचे."

शनिवार पेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची तपासणी चालली होती. विषय होता भाजी मंडई. चित्रे जमिनीवर ओळीने मांडायची, त्यांच्यामधून फिरायचे आणि अ, ब, क असे ढीग लावायचे. दोघेही चित्रकलेचे शिक्षक. वर्षानुवर्षे जोडीने तपासत आले होते. क देताना यज्ञेश्वरांचा हात कधी अडखळला नव्हता. आज सकाळपासून क ची जागा रिकामी होती.

हेमाताईंनी आवाज उतरवला. "वहिनी कशा आहेत?"

"व्हेंटिलेटरवरच. मुलगा, आमोद, हॉस्पिटलात बाहेर बसलाय. आत सोडत नाहीत, म्हणून आलो इकडे." ते खाली बसले. "देवाशी बोलून ठेवलंय, हेमाताई. मी आज एकाही मुलाला क देणार नाही, तूही हात आखडू नकोस."

"तुम्ही? देवाशी?"

"दुसरं ऐकतंय कोण?"

हेमाताईंनी अ च्या ढिगातून एक चित्र काढून त्यांच्यापुढे ठेवले. गोणपाटावर बसलेली भाजीवाली, मान खाली घालून मेथीची जुडी बांधणारी. तिच्या पाठीच्या बाकात सबंध दिवस उतरला होता.

"हिलाही अ, म्हशीलाही अ. मग हे काढणाऱ्या पोरानं केलं काय, सर?"

यज्ञेश्वर चित्रावर वाकले. "बोटं बघा तिची," ते म्हणाले. "जुडी आवळताना अशीच होतात." मग त्यांनी चित्र परत सरकवले. "नका हो करायला लावू. आज नका."

"मी लावते ढीग. तुम्ही बसा."

"नाही. माझ्या वाट्याची आहेत ती."

त्यांनी अ चा ढीग पुन्हा जमिनीवर पसरला. भाजीवाली तेवढी बाजूला ठेवली. मग म्हशीचे चित्र उचलून ते रिकाम्या जागेपर्यंत चालत गेले आणि तिथेच उभे राहिले. हेमाताई मध्ये पडल्या नाहीत. शेवटी वाकून यज्ञेश्वरांनी ते चित्र खाली ठेवले, हलक्या हाताने, दुमडलेला कोपरा सरळ करून.

परत येताना त्यांनी खिशातला फोन काढून हेमाताईंच्या हातात दिला.

"आता वाजला तर तुम्हीच घ्या," ते म्हणाले आणि पुढचे चित्र उचलायला वाकले.