प्लास्टिकचा श्वास

नागापूरच्या एमआयडीसीमागच्या पटांगणात गाड्यांची रांग थेट डांबरी रस्त्यापर्यंत आली होती. प्रत्येक गाडीचं बॉनेट उघडं, त्यावर झेंडूचा हार, आणि शेजारी हात जोडून मालक. दवाखान्यात माणसं बसतात तशी इथे इंजिनं महाराजांची वाट बघत होती.

मी कानिफनाथच्या गाडीतून आलो होतो. तो सोनईत आमच्या शेजारी राहतो, भाड्याने गाडी चालवतो. मला नगरला डोळे दाखवायचे होते. वाटेत इथे थांबायचं त्याने आधीच ठरवलं होतं. मागच्या सीटवर त्याची आई बनुबाई होती. तिला जुना दमा. धाप लागली की पिशवीतून औषधाचा पंप काढायची, तोंडात धरून दाबायची आणि थोड्या वेळाने पुन्हा बोलायला लागायची.

महाराजांसमोर टेबलावर दोन नळ्या होत्या. इंजिनाला बाहेरची हवा नेणारी, कंपनीची काळी प्लास्टिकची एक. दुसरी चकचकीत धातूची, तिला ते पंचधातूची म्हणत.

"एक हात हिच्यावर, एक तिच्यावर. काय लागतं?"

"ही गार हाय महाराज. लई गार," पुढचा माणूस म्हणाला. "काळी कोमट लागती."

"लागणारच. प्लास्टिक मेलेलं, त्यातला वारा मेलेला. देवाला पाणी कशातून घालता? तांब्यातून. का प्लास्टिकच्या मगातून?" लोक हसले. "मग जी लक्ष्मी तुमचं घर चालवते, तिचा श्वास मगातून का?"

मीही हात लावून बघितला. धातूची नळी खरंच गार होती. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पूजा तांब्या-पितळेच्याच भांड्यांत होते, त्यामुळे बोलणं ओळखीचंही वाटलं. कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म गेला, पण या गारव्याचं कारण मला आठवेना. असलंच तर त्याचं पुस्तक कोणत्या कपाटात असेल एवढंच सुचलं.

कानिफनाथच्या गाडीतली काळी नळी आणि तिला जोडलेला हवेचा डबा निघाला, चकचकीत नळी बसली. त्याने पाय दाबला तसं इंजिन गरजलं. लोकांनी हात वर केले.

"जागी झाली," महाराज म्हणाले. मग त्यांची नजर बनुबाईच्या हाताकडे गेली. "माउली, ते काय?"

"दम्याचा पंप जी."

"कशाचा?"

"प्लास्टिकचाच की."

महाराज लोकांकडे वळून हळूच हसले. "गाडी सोडवली, आई तशीच राहिली." त्यांनी तिला बोटाएवढी धातूची नळी दिली. रोज सकाळी सूर्याकडे तोंड करून तिच्यातून श्वास ओढायचा. आणि पंप टाकायचा टेबलाशेजारच्या पिंपात, काढलेल्या काळ्या नळ्यांवर.

बनुबाईने लेकाकडे बघितलं. "टाकू का रं?"

"टाक आई. गाडी ऐकलीस ना?"

"भाऊ, तुमी शिकलेलं. तुमी काय म्हनता?"

"डॉक्टरांना एकदा विचारून मग..." मी म्हणालो.

"अण्णा, डॉक्टर पंपच लिहिनार," कानिफनाथ हसला. "त्येचं दुकान हाय ते."

पंप पिंपात पडला. जाताना बनुबाई म्हणाली, छाती हलकी वाटते. दम्याला असे बरे दिवस मधूनमधून येतातच, हे मला नंतर कळलं.

ऊस तुटला आणि शेजारच्या रानात कोणीतरी पाचट पेटवलं. धूर घरात शिरला. बनुबाई ती नळी तोंडात धरून ओढत राहिली. कानिफनाथने तिला गाडीत घातलं आणि नगरकडे निघाला. घोडेगावच्या पुढे गाडीतच ती गेली.

"गाडी लई आवाज करीत हुती अण्णा," तो मला म्हणाला, "अन् पळत न्हवती."

दहावा झाल्यावर माझी मुलगी सुनीती त्याच्या घरी निघाली. ती हायस्कूलला विज्ञान शिकवते. मी तिला म्हणालो, आत्ता नको, त्याचं दुःख ओलं आहे.

"अण्णा, निकिताची छाती वाजतेय," ती म्हणाली. निकिता ही कानिफनाथची मुलगी. तिचाही पंप त्याने माळ्यावर टाकला होता, आणि आजीची नळी आता तिला दिली होती.

मीही तिच्यामागे गेलो. कानिफनाथ ओसरीवर बसला होता. "आईचं भरलं हुतं ताई. नळी नसती तर एवढंबी निघालं नसतं."

सुनीती वाद घालायला बसली नाही. ती नळी आणि न्हाणीतला प्लास्टिकचा मग तिने मागून घेतला आणि दोन्ही थोडा वेळ सावलीत शेजारी शेजारी ठेवले. शाळेतला थर्मामीटर आधी एकाला टेकवला, मग दुसऱ्याला. पारा दोन्हीकडे सारखाच.

कानिफनाथने दोन्हींना हात लावला. "मंग ही गार का लागती?"

"तुझा हात गरम आहे. धातू हाताची ऊब पटकन ओढून घेतो, प्लास्टिक तेवढी घेत नाही. म्हणून हाताला गार वाटतं. आता गाडी चालू कर."

इंजिन बराच वेळ चालू ठेवून त्याने बॉनेट उघडलं. चकचकीत नळीला बोट लागलं तसा त्याने हात झटकला.

"इंजिनाची ऊबही ती अशीच घेते," सुनीती म्हणाली. "गाडी हळू चालली, थांबली, की आतली हवा तापते. तापलेली हवा विरळ, तिच्यावर जोर कमी मिळतो. शिवाय बाहेरची गार हवा आणणारा डबाच काढलाय."

"अन् आवाज?"

"तो डब्यात दबून राहायचा. डबा गेला, आवाज मोकळा झाला. ताकद वाढली नाही."

त्याने बॉनेट खाली घेतलं. मग त्याने विचारलं, "आईच्या नळीतून काय जायचं ताई?"

"हवा. नुसती हवा."

"अन् पंपातून?"

"औषध."

तो घरात गेला, माळ्यावर चढला. पंप शर्टाला पुसला, हलवून बघितला आणि लेकीच्या तोंडाशी धरला. "वढ बाळा," म्हणाला. निकिताने औषध ओढलं. मग तो खाली बसला आणि आमच्यासमोर, तोंड न झाकता रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. याहून वेगळं काय करतात, मला ठाऊक नाही.

मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे. पटांगणातली रांग अजून मोडलेली नाही. तिथे हाताला जे गार लागतं ते खोटं नाही. त्याचा लावलेला अर्थ खोटा आहे. तेव्हा चमत्कार दिसला तर एवढंच विचारा, की हेच दुसऱ्या साध्या कारणाने घडेल का. कारण सापडेपर्यंत कोणाचंही औषध थांबवू नका. गाडीला कसली नळी लावायची ते मेकॅनिकला विचारा, छातीत काय घ्यायचं ते डॉक्टरला. दोन्हींचं उत्तर एकाच टेबलावरून कोणी देत असेल, तर आपलं माणूस घेऊन तिथून निघा.