बाबांचा पहिला वाढदिवस

त्या बुधवारी दुपारी आई अंगणात लाल मिरच्यांचे देठ मोडत बसली होती. मी शाळेतून आले तशी तिने पदराच्या गाठीतली चिठ्ठी काढून दाखवली. आर्वीच्या बस स्थानकाच्या भिंतीवर कुणीतरी कागद चिकटवला होता, त्यावरून तिने उतरवून आणलेली. दारू सोडू इच्छिणाऱ्यांची सभा, वर्धा, दर रविवारी चार वाजता, एका शाळेच्या वर्गात.

"या रविवारी यांले घेऊन जातो," ती म्हणाली.

"बाबा येतील?"

"मामेसासऱ्याचं वर्षश्राद्ध हाय म्हणून सांगतो."

"आणि तिथं गेल्यावर?"

"मंग कोणाचं तं श्राद्ध करूच!"

आम्ही दोघी हसलो. मिरचीचा ठसका लागून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. त्यामुळे आर्वीत कुणीच दारू पीत नसे. कापडाच्या दुकानाचे भैय्याजी, म्हणजे माझे बाबा, यांना 'पित्ताचा त्रास' असे. त्रास झाला की ते दुपारीच दुकान बंद करून घरी येत.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आई गेली. मी शाळेत होते. साडेपाचला बाबांनी शेजारच्या धुरपताबाईला हाक मारली. जीपमधून आईला दवाखान्यात नेलं तेव्हा सहा वाजले होते. बाबा डॉक्टरांना म्हणाले, "मी आत्ताच घरी आलो, तं ही पडलेली." डॉक्टरांनी तिला तपासलं आणि म्हणाले, जीव जाऊन तासही झाला नसेल.

तेरवीच्या दिवशी भांडी घासता घासता धुरपताबाई मला म्हणाली, "बाई, सांगू का नको समजत नाई. चार वाजता तुमच्या सैपाकघरात गंज-भांडं पडल्याचा आवाज आला. तुयी माय वच्छलाबाई 'अवो' म्हणाली, एकदाच. मंग तुये बाबा मागच्या अंगणात प्लॅस्टिकच्या थैल्या धुऊन राह्यले होते. आंगोळ केली. घरात उदबत्त्या लावल्या. मले वाटलं, पूजा असन."

त्या थैल्यांतून येणाऱ्या मोहाच्या दारूचा वास मला लहानपणापासून माहीत आहे. माणसं येतील, पोलीस पाटलाचा भाऊही येईल, म्हणून बाबांनी आधी घर साफ केलं.

मी कुणाला काही बोलले नाही. तेरवीनंतरच्या रविवारी आईची चिठ्ठी घेतली आणि बाबांना म्हणाले, "चला." ते मुकाट्याने आले.

सभा डोमाजी चालवत. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, अकरा वर्षं दारूला न शिवलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी बाबांना सांगितलं, "इथं आडनाव नाई, पोलीस नाई. पण एक हाय. आपली चूक जशी केली तशीच सांगाची. त्यात पाणी टाकाचं नाई."

त्या एका वाक्यासाठी मी वर्षभर बाबांना वर्ध्याला नेलं. त्यांची दारू सुटावी म्हणून नाही. सभेत घरच्यांना बसू देत नसत, म्हणून मी व्हरांड्यात खिडकीखाली बसे. मांडीवर पुस्तक असे, पान उलटत नसे. बाबा दर रविवारी उठून सांगत, "घरी आलो तं वच्छला पडलेली." आत कुणीतरी हुंदका देई. बाहेर पडताना माणसं मला म्हणत, "लेक असावी तं अशी."

दहाव्या महिन्यात मी डोमाजींना विचारलं, "एखाद्याने आपली चूक सांगितलीच नाही, तर दुसऱ्याने सांगावी का?"

"कधीच नाई, बाई. दुसऱ्यानं उघडं पाडलं तं माणूस इथून उठते अन् सरळ भट्टीवर जाते. माह्या डोयासमोर दोघं गेले. मेले."

मी ते नीट लक्षात ठेवलं.

एक वर्ष दारूविना काढलं की सभेत त्या माणसाचा पहिला वाढदिवस करतात. केक आणतात, घरच्यांना आत बोलावतात, दोन शब्द बोलायला लावतात. बाबांनी नवा पांढरा सदरा शिवला होता. जाताना बसमध्ये मी विचारलं, "आज सगळं सांगाल?"

"सगळंच तं सांगतो, बेटा."

"त्या गुरुवारचं?"

ते खिडकीबाहेर पाहू लागले. "तेही सांगतलंच हाय."

वर्गातल्या बाकांवर तीस-पस्तीस माणसं होती. बाबा उठले, हात जोडले, आणि म्हणाले, "घरी आलो तं वच्छला पडलेली." मग ते रडले. खरंच रडले. टाळ्या वाजल्या. डोमाजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला खूण केली.

मी उठले तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "तुया मायचं नाव घेजो, बेटा."

मी घेतलं.

"वच्छलाबाई चार वाजता पडली, बाबा. तुम्ही घरीच होता. तिने तुम्हाला हाक मारली. तुम्ही थैल्या धुतल्या, अंघोळ केली, उदबत्त्या लावल्या, आणि साडेपाचला शेजारी हाक मारली. डॉक्टरांच्या हिशोबाने त्यातला निदान तासभर ती जिवंत होती."

डोमाजी "बाई, बाई" म्हणत पुढे आले. मी थांबले नाही.

"आपल्या मागच्या अंगणात स्वयंपाकघरातूनच जावं लागतं. तुम्ही तिला ओलांडून गेलात. किती वेळा, तेवढं आता तुम्ही सांगा."